रात्रपाळीतला निर्णय आणि सकाळची सही

मनोरुग्णालयात एखाद्या रुग्णाला बांधून ठेवल्याची बातमी आली, की पुढची चर्चा कोणत्या वळणाने जाणार हे आता सर्वांना पाठ झाले आहे. आधी ड्युटीवरच्या परिचारिकेच्या आणि कक्षसेवकाच्या निलंबनाची मागणी होते. मग संघटनेचे पत्रक निघते आणि त्यात रिक्त पदांचा पाढा असतो. शेवटी कोणी जाणकार निदर्शनास आणून देतात की, कायद्यानुसार हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा आहे, मग परिचारिकेने तो घेतलाच कसा? या प्रश्नापाशी चर्चा संपते. वास्तविक ती तिथूनच सुरू व्हायला हवी, कारण मनोरुग्णांच्या शुश्रूषेत निर्णय डॉक्टर घेतो आणि परिचारिका तो केवळ अमलात आणते, असे त्या प्रश्नाने न बोलता धरून चाललेले असते. माझ्या मते हे गृहीतच खोटे आहे आणि त्याच्या आधारावर उभी केलेली व्यवस्था रुग्णाचे रक्षण करत नाही. परिचारिका आजही निर्णय घेतेच. ते निर्णय तिच्या नावाने लिहिले जावेत, त्यासाठी तिला रीतसर तयार केले जावे, त्यांचा एक मर्यादित भाग नियमाने तिच्याकडे सोपवावा आणि मग त्याचा हिशेबही तिच्याकडे मागावा, अशी या लेखाची भूमिका आहे.

रात्री दोनच्या सुमारास कक्षात काय घडते ते पाहा. निवासी डॉक्टर दुसऱ्या इमारतीत किंवा तातडीच्या विभागात अडकलेला आहे. एक रुग्ण झोपलेला नाही. तो दाराशी येतो, परत जातो, शेजारच्याच्या कॉटपाशी थबकतो, पुन्हा दाराशी येतो. सिस्टरने त्याच्याशी बोलायचे, की त्याला फिरू द्यायचे? शेजारच्या रुग्णाला दुसरीकडे हलवायचे का? ‘एसओएस’ म्हणून लिहून ठेवलेले इंजेक्शन आत्ता द्यायचे, की अर्धा तास थांबायचे? डॉक्टरांना फोन करायचा, तर ‘अस्वस्थ आहे’ म्हणायचे, की ‘अंगावर धावून येतोय’ म्हणायचे? या दोनपैकी कोणते वाक्य फोनवर उच्चारले जाते, त्यावर पलीकडून येणारी ऑर्डर ठरते. म्हणजे डॉक्टरांचा निर्णयसुद्धा परिचारिकेने काय पाहिले, त्यातले काय महत्त्वाचे मानले आणि कोणत्या शब्दांत सांगितले, यावर उभा असतो. ‘एसओएस’ ही ऑर्डर तर उघडउघड निर्णय तिच्यावर सोपवते. ‘गरज पडल्यास’ एवढेच ती म्हणते. गरज कशाला म्हणायचे, याबद्दल ती गप्प असते. सकाळी राउंडच्या वेळी केसपेपरवर सही होते आणि रात्रीचा निर्णय कागदोपत्री डॉक्टरांचा होऊन जातो.

याहून बोलके उदाहरण मनोरुग्ण कक्षाच्या बाहेरचे आहे. अस्थिरोग विभागात मांडीचे हाड मोडलेला पन्नाशीचा माणूस दाखल होतो. दारूविषयी विचारले, तर नातेवाईक ‘कधीमधी घेतात’ म्हणून वेळ मारून नेतात. पहिले दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागतात, अंगावरचे कपडे घामाने भिजतात, नाडी धावू लागते. तो चादरीवरून न दिसणारे काहीतरी वेचू लागतो आणि भिंतीवर किडे चढताहेत म्हणून ट्रॅक्शनसकट, म्हणजे पायाला ताण देण्यासाठी लावलेल्या वजनासकट, उठू पाहतो. ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे ठरवून त्याला कॉटला बांधले आणि नुसते हॅलोपेरिडॉल हे भ्रम-भास दाबणारे औषध टोचले, तर मूळ विकार तसाच राहतो आणि वर झटके येण्याचा धोका वाढतो. हे दारू अचानक तुटल्यामुळे आलेले डिलिरियम ट्रेमेन्स आहे. त्याला बेंझोडायझेपाइन या शामक गटातले औषध, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख लागते, आणि ते ओळखायला उशीर झाला तर माणूस दगावू शकतो. आता प्रश्न असा की, दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच, चहाचा पेला धरताना त्याचे हात कापताहेत हे पाहून ही शंका कोणाला येऊ शकते? राउंडला काही मिनिटे उभे राहणाऱ्या सर्जनला येण्याची शक्यता कमीच. ती यायची तर ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती, देणाऱ्या किंवा घेणाऱ्या सिस्टरला येईल. पण त्या शंकेचे पुढे काय करायचे, हे जर तिच्या अधिकारात कुठेच बसत नसेल, तर ती शंका ओव्हरच्या गप्पांत विरून जाते.

आणि त्या शंकेला रीत लावून दिली, तर काय होते हे मोजले गेलेले आहे. दारू सोडवताना येणाऱ्या लक्षणांना गुण देण्याचे एक कोष्टक आहे: कंप किती, घाम किती, अस्वस्थता किती, भास होतात का, इत्यादी. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात १०१ रुग्णांवर केलेला आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग असा होता की, निम्म्यांना ठरलेल्या वेळी ठरलेला डोस द्यायचा आणि उरलेल्यांना गुण ठरावीक मर्यादेपुढे गेले तरच द्यायचा. दुसऱ्या गटातल्या मधल्या (कमी ते जास्त अशा क्रमाने लावल्यास बरोबर मध्ये येणाऱ्या) रुग्णाचा औषधोपचार ९ तासांत आटोपला, पहिल्या गटात त्याला ६८ तास लागले. औषध लागले ते अनुक्रमे १०० आणि ४२५ मिलिग्रॅम. झटक्यांचा पूर्वेतिहास असलेले रुग्ण या प्रयोगात नव्हते, तेव्हा त्याचे निष्कर्ष सरसकट सगळ्यांना लावता येणार नाहीत. पण कॉटपाशी उभे राहून दर काही तासांनी लक्षणे मोजणे आणि त्यावरून डोस द्यायचा की नाही हे ठरवणे, हे परिचारिकेचे काम होऊ शकते आणि त्यात रुग्णाचे भले होते, एवढे त्यातून निर्विवाद दिसते.

आता विरोधी बाजू. तिचा सर्वांत जड मुद्दा इतिहासाचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मनोरुग्णांना साखळ्या घालणारे, कोंडणारे, उपाशी ठेवणारे हात बहुतेक वेळा त्यांच्याजवळ राहणाऱ्या माणसांचेच होते. तमिळनाडूतल्या एरवाडी येथील मनोरुग्णांच्या आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या २८ जणांचा कोळसा झाला. पळायला त्यांचे पायच मोकळे नव्हते. अशा पार्श्वभूमीवर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कलम ९७ लिहिले. एकांतवासावर बंदी घातली. स्वतःला किंवा इतरांना होणारी तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल, तेव्हाच आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच शारीरिक बंधन वापरता येईल, असे सांगितले. शिक्षा म्हणून किंवा केवळ मनुष्यबळ कमी आहे म्हणून ते वापरता येणार नाही, असेही स्पष्ट केले. ज्यांच्या हातून अत्याचार झाले, त्यांच्याच हाती पुन्हा अधिकार द्यायचा का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

मात्र त्या कलमाची प्रत्यक्षातली वाट कशी जाते? परवानगी बहुधा फोनवर घेतली जाते आणि लेखी स्वरूप तिला नंतर येते. पलीकडच्या माणसाने रुग्णाला त्या क्षणी पाहिलेले नसते. ‘दुसरा कोणताच मार्ग उरला नव्हता’ हे ज्याला ठाऊक असू शकते, ती एकच व्यक्ती कक्षात हजर असते आणि नेमके तिचेच मूल्यमापन कागदावर नसते. आधीच्या दोन तासांत काय काय करून पाहिले, काय साधले नाही, रुग्ण कशाने भडकला, हे कोण लिहिते? बंधनाची पद्धत, कारण आणि अवधी नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने संस्थेच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली आहे. बंधनाचा प्रत्येक प्रसंग दर महिन्याला याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे कळवायचा असतो. पण जे बंधन टळले, त्याची नोंद कोणत्याच रकान्यात नसते. एखादी सिस्टर महिनाभर एकाही रुग्णाला न बांधता कक्ष सांभाळते, तिचे कसब त्या अहवालात शून्य म्हणून जाते, आणि ते शून्य कसबाचे आहे, दैवाचे आहे, की नोंदच न करण्याचे, हे मंडळाला कळायला मार्ग नाही. शिवाय हे कलम शारीरिक बंधनाविषयी बोलते. रुग्णाला गुंगवून गप्प बसवणाऱ्या इंजेक्शनविषयी बोलत नाही. दोरी गेली आणि सुई आली, तर मासिक अहवाल स्वच्छ दिसतो. ज्या निर्णयाला कागदावर धनी नाही, त्याची तपासणी होत नाही. म्हणून अत्याचाराची भीती हे परिचारिकेच्या निर्णयावर पडदा टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. तो उघड्यावर आणण्याचेच ते कारण आहे.

इतिहासाची दुसरी बाजूही याच ठिकाणी सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. वेड्यांच्या साखळ्या तोडणारा डॉक्टर म्हणून फिलिप पिनेलचे नाव जगभर घेतले जाते, त्याची चित्रे रंगवली गेली. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात साखळ्या काढल्या गेल्या त्या १७९७ साली, म्हणजे पिनेल तिथून गेल्यानंतर, आणि काढल्या त्या ज्याँ-बातिस्त प्युसँ या कक्षप्रमुखाने. प्युसँ डॉक्टर नव्हता. तो मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळेवर उपचार घ्यायला त्याच रुग्णालयात आला आणि पुढे तिथेच कामाला लागला. आपण त्याच्याकडून किती शिकलो, हे खुद्द पिनेलने लिहून ठेवले आहे आणि नंतर सालपेत्रिएर रुग्णालयात त्याला आपल्याकडे बोलावून घेतले. प्युसँला संत करण्याचे कारण नाही, साखळ्यांच्या जागी त्याने बंदिस्त बाह्यांचे जाकीट वापरलेच. पण कोणाला मोकळे ठेवले तरी चालेल, हे त्याला कळत होते, कारण तो दिवसरात्र त्यांच्यात राहत होता. पुढे १८३९ साली लंडनजवळच्या हॅनवेल येथे जॉन कोनॉली या डॉक्टरने बांधण्याची साधनेच बंद केली, तेव्हा त्याचा भर सेवकांची संख्या आणि त्यांची लायकी वाढवण्यावर होता. सुधारणा वरून आली, की खालून? मला वाटते, ती जिथे टिकली, तिथे वरच्याने खालच्याच्या नजरेवर विश्वास टाकला होता.

दुसरा आक्षेप प्रशिक्षणाचा. तोही खरा आहे, किंबहुना आक्षेप घेणारे समजतात त्याहून अधिक खरा आहे. आपल्या कायद्याच्या व्याख्येनुसार ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ म्हणवून घ्यायला मानसोपचार शुश्रूषेची पदविका लागतेच असे नाही. सर्वसाधारण शुश्रूषेची पदविका किंवा पदवी आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडची नोंदणी एवढ्यावर भागते. सर्वसाधारण अभ्यासक्रमात मनोरुग्णालयातली पाळी काही आठवड्यांची असते आणि त्यातही विद्यार्थिनी नोंदवह्या भरण्यात गुंतलेल्या असतात, हे शिकवणारे सगळेच जाणतात. अशा परिचारिकेच्या अंदाजावर कोणाचे स्वातंत्र्य हिरावले जावे का? मुळीच नाही. आणखी पुढे जाऊन म्हणता येईल की, अनुभवी माणसाचा अंदाजही भरवशाचा नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील याने १९५४ सालीच दाखवून दिले होते की, माणूस पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधण्यात तज्ज्ञांच्या अंतर्ज्ञानापेक्षा साधी आकडेमोड बरोबरीची किंवा सरस ठरते.

पण मीलचा मुद्दा परिचारिकेइतकाच मानसोपचारतज्ज्ञालाही लागू होतो, हे विसरले जाते. त्याचे उत्तर निर्णय एकाकडून काढून दुसऱ्याकडे देण्यात नाही, अंदाजाला शिस्त लावण्यात आहे. स्वित्झर्लंडमध्ये १४ तातडीच्या मानसोपचार कक्षांच्या एका अभ्यासात असे करून पाहिले गेले. गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा, शाब्दिक धमकी, अंगावर जाण्याचा पवित्रा आणि वस्तूंची तोडफोड या सहा लक्षणांवर परिचारिकांनी प्रत्येक नव्या रुग्णाला सुरुवातीच्या दिवसांत नियमित गुण द्यायचे आणि गुण चढले की ठरलेली पावले उचलायची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर हिंसक प्रसंग सुमारे ४१ टक्क्यांनी आणि बळजबरीचे उपाय सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाले. यात नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. परिचारिका जे पाहतच होत्या, ते ठरावीक रीतीने पाहू आणि लिहू लागल्या, एवढेच. हे कोष्टक मराठीत करून एका पानावर छापता येईल.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर गडचिरोलीकडे पाहावे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळांतला जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवायचे ठरवले, तेव्हा डॉक्टरेतर माणसाने इंजेक्शन द्यायचे म्हणजे काय, हा आक्षेप होताच. ३९ गावांतल्या या कामाचा निकाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांकडे नैराश्याचे आणि चिंतेचे रुग्ण सोपवून पाहिले, २०१० साली आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांमध्ये स्पष्ट फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तो दिसला नाही. हा दुसरा भागही सांगितला पाहिजे, कारण अधिकार वाटून देणे हा जादूचा मंत्र नाही. गडचिरोलीच्या आरोग्यदूताला, म्हणजे गावातल्या त्या शिकवून तयार केलेल्या बाईला, काय पाहायचे, किती वेळा पाहायचे, कोणत्या खुणा जुळल्या तर औषध द्यायचे, हे नेमके ठरवून दिलेले होते आणि तिच्या प्रत्येक नोंदीवर देखरेख होती. जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूताला आपण हे देऊ शकतो आणि तीन-चार वर्षे शुश्रूषा शिकलेल्या सिस्टरला देऊ शकत नाही, याचे कारण वैद्यकीय आहे, की प्रतिष्ठेचे?

तिसरा आक्षेप परिचारिकांच्याच बाजूचा आहे आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. आज चूक झाली तर निदान ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले’ असे म्हणता येते. उद्या निर्णय माझ्या नावावर आला, की निलंबनही माझ्याच नावावर येईल, आणि पगारात एका रुपयाचा फरक पडणार नाही. ‘जबाबदारीचे वाटप’ या गोंडस नावाखाली स्वस्तातले मनुष्यबळ राबवून घेतले जाते, हा अनुभव आशा आणि अंगणवाडी सेविकांना पुरेपूर आहे. तेव्हा भत्ता आणि कायदेशीर संरक्षण यांशिवाय कोणी नुसते अधिकाराचे गाजर दाखवत असेल, तर ते नाकारलेच पाहिजे. मात्र ‘सांगितले म्हणून केले’ ही ढाल वाटते तेवढी मजबूत नाही, हे निलंबनाच्या बातम्याच सांगतात. तोंडी ऑर्डर नाकारली जाऊ शकते. रात्री साडेबाराला लिहून ठेवलेले मूल्यमापन नाकारता येत नाही.

मग नेमके काय सोपवायचे? उपचार सुरू करणे, निदान करणे किंवा एखाद्याला संमतीशिवाय दाखल करणे हे सगळे परिचारिकेकडे द्यावे, असे माझे म्हणणे नाही. ‘एसओएस’ औषध कोणत्या लक्षणांवर द्यायचे हे आधी लिहून ठरवलेले असावे आणि त्या चौकटीत देण्याचा, तसेच न देण्याचा, निर्णय तिचा असावा. रुग्णावरची देखरेख वाढवण्याचा अधिकार तिला असावा. आणि बंधन घालायला मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी हवीच, पण ते सोडायला कोणाची परवानगी लागू नये. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंधन गरजेपेक्षा क्षणभरही जास्त ठेवू नये, असे कायदा म्हणतो. ती गरज संपल्याचे प्रथम दिसते ते पाण्याचा पेला घेऊन जवळ जाणाऱ्या सिस्टरला, आणि तरीही हात मोकळे व्हायला राउंडची वाट पाहिली जात असेल, तर कायद्याच्या रक्षणासाठी ठेवलेली सहीच कायदा मोडते आहे.

यातले बरेच काही कायद्याच्या पोटात आधीपासून आहे, ही या वादातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट. कलम ५५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झालेली परिचारिका ही ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ ठरते. अशा व्यावसायिकाला कलम ८८ प्रमाणे, स्वतःहून दाखल झालेला रुग्ण घरी जायला निघाला आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका दिसला, तर मूल्यमापनासाठी २४ तास थांबवून ठेवता येते. कलम ८९ खाली, म्हणजे रुग्ण स्वतःहून आलेला नसताना, दाखल करताना मानसोपचारतज्ज्ञाच्या जोडीला दुसरे स्वतंत्र मत त्याचे चालते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८३ पासून मानसोपचाराच्या परिचारिकेला असाच अधिकार आहे, पण सहा तासांपुरता. म्हणजे आपल्या संसदेने परिचारिकेवर ब्रिटिशांच्या चौपट विश्वास टाकला, आणि आपल्या वादात अजून तिने निर्णय घ्यावा की नाही, यावर हुज्जत चालू आहे! एवढा मोठा अधिकार सर्वसाधारण पदविकेवर मिळावा, हे मला पटत नाही. तो मानसोपचार शुश्रूषेचे एक वर्षाचे प्रशिक्षण घेतलेल्यांपुरता ठेवावा. अशा परिचारिकांची नोंदणी मोहीम म्हणून हाती घ्यावी आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत प्रत्येक पाळीला त्यांच्यातली एक तरी असेल अशी ड्युटी लागावी. त्यासाठी आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट करावी लागेल: ही पदविका घेतलेल्या अधिपरिचारिकेची सर्वसाधारण बदल्यांच्या फेऱ्यात नेत्र विभागात किंवा शस्त्रक्रियागृहात रवानगी होणे थांबवावे लागेल. त्याला नवा कायदा लागत नाही. बदलीच्या धोरणात एका अपवादाची भर पुरते, आणि ती घालणे पूर्णपणे राज्य सरकारच्या हातात आहे.